राष्ट्रांचे दातृत्व आणि त्याची कसोटी

आपल्याकडे दानाची थोरवी फार प्राचीन काळापासून गाइली गेली आहे. कर्ण, शिबी, हरिश्चंद्र यांच्या कथा ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. परंतु आपल्या पूर्वजांनी प्रत्येक दानाला सारखेच मोल दिलेले नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, स्थळ, काळ व पात्र पाहून, परतफेडीची इच्छा न धरता जे दिले जाते ते सात्त्विक. आणि मोबदल्यावर डोळा ठेवून जे दिले जाते ते राजस. म्हणजे काय दिले व किती दिले, यापेक्षा कोणत्या हेतूने दिले आणि घेणाऱ्याच्या गरजेचा विचार केला की नाही, यावर दानाची प्रत ठरते.

व्यक्तीने केलेल्या दानाविषयी इतका सूक्ष्म विचार करणारे आपण, एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रास जे देते त्याकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. वर्तमानपत्रात अमुक देशाने तमुक देशास इतके कोटी दिले, अशी बातमी येते. आपण ती वाचतो, देणाऱ्याचे कौतुक करतो किंवा घेणाऱ्याची कीव करतो, आणि पान उलटतो. वस्तुतः गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत संपन्न राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना दिलेल्या साहाय्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यात उदात्तता आहे, व्यापारी हिशेब आहे, घोर अज्ञान आहे आणि मोडलेली वचनेही आहेत. विद्यार्थ्यांनी व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी या विषयाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. कारण आपला देश या व्यवहारात पूर्वी केवळ घेणारा होता. आज तो देणाराही झाला आहे.

या विषयाचा विस्तार फार मोठा असल्याने आम्ही येथे एकाच दात्या राष्ट्राचा विचार मुख्यत्वे करणार आहोत. ते राष्ट्र म्हणजे ब्रिटन. ही निवड सहेतुक आहे. ज्या देशांवर ब्रिटनने राज्य केले, त्यांपैकी अनेकांस पुढे त्याने साहाय्य दिले. स्वतंत्र भारत हा तर दीर्घकाळ ब्रिटिश साहाय्य घेणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक होता. शिवाय, गरिबांना किती द्यावयाचे हे ज्या थोड्या देशांनी कायद्याने बांधून घेतले त्यांत ब्रिटन होता, आणि तो शब्द पुढे त्याने पाळला नाही. दातृत्वाच्या साऱ्या अवस्था या एकाच उदाहरणात पाहावयास मिळतात.

पहिला प्रसंग आफ्रिकेतील आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये खाद्य तेलाचा व चरबीचा मोठा तुटवडा होता. यावर उपाय म्हणून १९४७ साली टांगानिका प्रदेशात, म्हणजे आजच्या टांझानियात, तीस लाखांहून अधिक एकर जमिनीवर भुईमूग लावण्याची योजना सरकारने हाती घेतली. यामुळे ब्रिटनला तेल मिळेल आणि आफ्रिकेचा विकासही होईल, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. झुडुपे उपटण्यासाठी ट्रॅक्टर गेले, युद्धातील रणगाड्यांचे रूपांतर करून बनविलेली यंत्रेही गेली. पण कोंग्वाची ती जमीन उन्हाळ्यात विटेसारखी कठीण होई. तीत नांगराचे फाळ झिजत, आणि पिकलेल्या शेंगाही तिच्यातून उपटून काढणे कठीण जाई. पाऊस तर भरवशाचा नव्हताच. पहिल्या वर्षी दीड लाख एकर जमीन साफ करावयाची होती. प्रत्यक्षात दहा हजार एकरही झाली नाही. अखेरीस १९५१ च्या आरंभी योजना गुंडाळण्यात आली आणि सुमारे साडेतीन कोटी पौंड बुडीत खाती टाकावे लागले.

या अपयशाचे खापर पुष्कळांनी यंत्रांवर व पावसावर फोडले. आमच्या मते त्याचे मूळ अधिक खोल आहे. त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोगो लोकांना जमिनीचा व पावसाचा स्वभाव ठाऊक होता. त्या भागात दुष्काळ वारंवार पडतो हे ते अनुभवाने जाणत होते. परंतु योजनेची आखणी लंडनमध्ये झाली होती, आणि तिचा आरंभ झाला होता तो लंडनच्या गरजेतून. टांगानिकाच्या शेतकऱ्याला काय हवे आहे, हा प्रश्न तीत मुख्य नव्हताच. ज्याच्या अंगणात विहीर खणावयाची त्यालाच विचारावयाचे नाही, मग पाणी लागावे कसे?

पुढे साम्राज्य मावळले, वसाहती स्वतंत्र झाल्या, आणि १९६४ साली ब्रिटनने परदेशांच्या विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले. बार्बरा कॅसल या त्याच्या पहिल्या मंत्री होत. या काळात पुष्कळ चांगली कामे झाली, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. दिल्लीची तंत्रज्ञान संस्था, जी आज साऱ्या देशातील हुशार विद्यार्थ्यांचे स्वप्न आहे, ती ब्रिटनच्या सहकार्याने उभी राहिली. १९६१ साली तेथे अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. विद्येचे दान असे असते की ते दिल्याने घेणारा मिंधा होत नाही, उलट समर्थ होतो.

परंतु याच काळात साहाय्याला एक अट जोडण्याची रीत दृढ होत गेली. पैसा आम्ही देऊ, पण त्यातून माल मात्र आमच्याच कारखान्यांचा घेतला पाहिजे, अशी ती अट. मराठीत याला फार सुंदर म्हण आहे : आवळा देऊन कोहळा काढणे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९८६ च्या सुमारास ब्रिटनमधील वेस्टलँड हा हेलिकॉप्टर बनविणारा कारखाना मोठ्या अडचणीत सापडला होता. त्याच सुमारास भारताला सुमारे साडेसहा कोटी पौंडांचे साहाय्य देण्याचे ठरले. त्यातून याच कारखान्याची एकवीस हेलिकॉप्टरे घ्यावयाची होती. ती आली, पण आपल्या गरजेस व हवामानास ती मानवली नाहीत. अपघात झाले, प्राणहानी झाली, काही वर्षांतच ती जमिनीवर उभी करून ठेवावी लागली आणि पुढे मूळ किमतीच्या अल्पशा अंशात विकून टाकण्यात आली. कागदावर हे भारताला दिलेले दान होते. प्रत्यक्षात ब्रिटनच्या करदात्यांचा पैसा ब्रिटनच्याच एका कारखान्याला मिळाला, आणि दान घेतल्याचा शिक्का तेवढा आपल्यावर बसला.

याहून गाजलेले प्रकरण मलेशियातील पेरगाऊ धरणाचे. १९८८ साली ब्रिटनच्या संरक्षण मंत्र्यांनी मलेशियाशी एक मसुदा केला. त्यात मलेशियाने ब्रिटनची शस्त्रास्त्रे घ्यावयाची आणि ब्रिटनने विकासासाठी साहाय्य द्यावयाचे, अशी सांगड घातलेली होती. या साहाय्यातून केलांतान राज्यात पेरगाऊ नदीवर जलविद्युत प्रकल्प व्हावयाचा होता. परदेशी साहाय्य पाहणाऱ्या खात्याच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की हा प्रकल्प परवडणारा नाही. वायूवर चालणाऱ्या केंद्रांतून हीच वीज मलेशियाच्या जनतेला पुष्कळ स्वस्त पडेल. खात्याचे मुख्य अधिकारी सर टिम लँकेस्टर यांनी आपला विरोध लेखी नोंदविला. तथापि १९९१ साली परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो बाजूस सारून २३ कोटी ४० लाख पौंड मंजूर केले.

पुढे एका लोकसंस्थेने हे प्रकरण न्यायालयात नेले. नोव्हेंबर १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की, साहाय्याचा कायदा परदेशाच्या विकासासाठी पैसा खर्च करण्याची मुभा देतो. जो प्रकल्प अर्थदृष्ट्या सयुक्तिकच नाही, त्यास विकासाच्या नावाखाली पैसा देणे बेकायदेशीर आहे. हा निकाल आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो. गरिबांच्या नावे काढलेला पैसा गरिबांसाठीच वापरला पाहिजे, हे नीतितत्त्व येथे प्रथमच न्यायाच्या तराजूत तोलले गेले आणि राजसत्तेपेक्षा जड ठरले. आणि ज्या अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाला नम्रपणे, पण लेखी, ‘हे योग्य नव्हे’ असे सांगितले, त्याचेही स्मरण विद्यार्थ्यांनी ठेवावे. धैर्य केवळ रणांगणावरच लागते असे नाही. कचेरीतील टेबलापाशीही ते लागते.

या प्रकरणातून ब्रिटनने बोध घेतला. १९९७ साली साहाय्याचे स्वतंत्र खाते पुन्हा निर्माण झाले. आपलाच माल घेतला पाहिजे ही अट २००१ पासून काढून टाकण्यात आली. २००२ च्या कायद्याने असे ठरविले की, विकासासाठी द्यावयाच्या साहाय्याचा उद्देश दारिद्र्य कमी करणे हाच असला पाहिजे. पापाची कबुली देऊन आचरण सुधारणारी माणसे विरळ. तसे करणारी राष्ट्रे तर त्याहून विरळ. या बाबतीत ब्रिटनला त्याचे श्रेय दिले पाहिजे.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे कार्य सिद्धीस गेलेच, असे होत नाही. याचा अनुभव आम्हां इंदूरकरांना घरबसल्या घेता आला आहे. १९८९ च्या सुमारास ब्रिटनच्या साहाय्याने इंदुरातील झोपडवस्त्या सुधारण्याची योजना सुरू झाली. अभियंता हिमांशु पारीख यांची कल्पना मोठी मार्मिक होती. गरिबांच्या वस्त्या बहुधा नदी-नाल्यांच्या काठी वसलेल्या असतात, आणि पाण्याचा नैसर्गिक उतारही तोच असतो. तेव्हा कान्ह व सरस्वती या नद्यांच्या काठाने सांडपाण्याचे नळ टाकावेत, म्हणजे वस्त्याही सुधारतील व सारे शहरही. रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा खाली घेऊन पावसाचे पाणी त्यांवरूनच वाहून न्यावयाचे, आणि प्रत्येक कुटुंबाने आपले शौचकूप स्वतः बांधून नळास जोडावयाचे, अशी ती रचना. शहरातील शंभरावर वस्त्यांना या योजनेचा स्पर्श झाला आणि १९९८ साली तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कारही मिळाला.

त्यानंतर मात्र टीकेचा सूर उमटू लागला. अभ्यासकांनी दाखवून दिले की, पुरेसे पाणी नसल्याने ठिकठिकाणी नळ तुंबले, जोडण्या अपुऱ्या राहिल्या आणि नद्यांतील घाण हटली नाही. बांधणारी संस्था एक आणि नंतर सांभाळणारी दुसरी, अशी व्यवस्था होती. आणि सांभाळण्याच्या खर्चाची तरतूद बांधण्याच्या खर्चासारखी झाली नव्हती. येथे कोणाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण बाहेरून आलेला पैसा काम उभे करून जातो. ते रोजच्या रोज चालू ठेवणे हे त्या गावच्याच माणसांचे काम असते. पुढे २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत इंदूर सलग अनेक वर्षे पहिले आले, ते घरोघरचा ओला व सुका कचरा निराळा करून रोज उचलला गेला म्हणून. तेव्हा झाडू आपला होता, हात आपले होते आणि लाजही आपलीच होती. दान पाया घालू शकते. घर मात्र आपणच झाडावे लागते.

याच तत्त्वाची यशस्वी बाजू आपल्या शेजारच्या गुजरातेत पाहावयास मिळते. तेथील साहाय्य ब्रिटनचे एकट्याचे नव्हते, युरोपातील राष्ट्रसमूहाचे होते. परंतु उदाहरण इतके बोधप्रद आहे की ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७० च्या सुमारास युरोपात दुधाची भुकटी व लोणी यांचे डोंगर साचले होते. हा माल गरीब देशांत फुकट वाटला असता, तर तेथील गवळ्यांच्या दुधाला कोणी विचारले नसते. दानानेच त्यांचा धंदा बुडाला असता. आणंदचे डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी हे संकट ओळखले आणि त्यातूनच संधी निर्माण केली. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या द्वारे आलेली भुकटी व लोणी फुकट न वाटता त्यांपासून शहरांतील दुग्धालयांत दूध तयार करून ते योग्य भावाने विकावयाचे, आणि त्या पैशातून खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, शीतगृहे व वाहतुकीची साधने उभी करावयाची, अशी ही योजना. हीच ‘दुधाचा महापूर’ म्हणून प्रसिद्ध झाली. भारत पुढे दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आला आणि युरोपच्या भुकटीची गरज उरली नाही.

टांगानिकाचा भुईमूग आणि आणंदचे दूध यांत फरक कोणता? पैसा दोन्हीकडे परका होता, आणि देणाऱ्याचा स्वार्थही दोन्हीकडे होता. युरोपलाही आपले डोंगर उपसावयाचेच होते. फरक इतकाच की, आणंदला योजनेची सूत्रे घेणाऱ्याच्या हाती होती. साहाय्य कसे वापरावयाचे हे त्याने ठरविले, आणि ते एक दिवस थांबेल अशाच रीतीने ठरविले. आमच्या मते साहाय्याची खरी कसोटी हीच होय : ते कोणाच्या गरजेच्या मापाने कापले आहे? आणि ते स्वतःलाच अनावश्यक करीत चालले आहे की नाही?

आता वचनाचा प्रश्न. संपन्न राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर शंभर भागांतून सत्तर शतांश भाग, म्हणजे शंभर रुपयांतून सत्तर पैसे, गरीब देशांच्या विकासासाठी द्यावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ऑक्टोबर १९७० रोजी ठरविले. कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या आयोगाने आदल्याच वर्षी तशी शिफारस केली होती. स्वीडन, नेदर्लंड्स, नॉर्वे व डेन्मार्क या लहान राष्ट्रांनी त्याच दशकात हे प्रमाण गाठून दाखविले. ब्रिटनला ते गाठावयास २०१३ साल उजाडावे लागले. २०१५ साली त्याने तसा कायदाच केला. परंतु करोनाच्या साथीने अर्थव्यवस्था खालावताच २०२१ पासून सत्तर पैशांचे पन्नास झाले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, संरक्षणावरील खर्च वाढविण्यासाठी, २०२७ पर्यंत ते तीस पैशांवर आणण्याचे सरकारने जाहीर केले. जी शिल्लक उरली, तीतूनही २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम ब्रिटनमध्येच आश्रयार्थी आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्यावर खर्च झाली. निर्वासितांना आसरा देणे हे पुण्यकर्मच आहे. पण ते आपल्या घरात करून दूरच्या गरिबाच्या खाती मांडणे, याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात!

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे न्याय्य होय. पहिला असा की, आपल्या घरी गरिबी असताना परक्यांना का द्यावे? ब्रिटनमध्येही थंडीत घर ऊबदार ठेवणे न परवडणारी कुटुंबे आहेत, त्यांचे काय? प्रश्न खोटा नाही. परंतु शंभर रुपयांपैकी नव्व्याण्णव रुपये तीस पैसे घरच्यांसाठीच राहतात, हेही विसरता कामा नये. त्या नव्व्याण्णवांत घरच्या गरिबाची सोय होत नसेल, तर दोष दूरच्या गरिबाला मिळणाऱ्या सत्तर पैशांचा खचित नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, साहाय्यातील पैसा भ्रष्ट सत्ताधाऱ्यांच्या खिशात जातो आणि देश परावलंबी होतात. यात तथ्य आहे. पण रोगी चुकीच्या औषधाने बिघडला म्हणून औषधालाच बंदी करणे हा उपाय नव्हे. औषध नीट पारखून देणे हा उपाय होय. आणि चालू असलेला उपचार मध्येच तोडणे तर सर्वांत वाईट. येमेन युद्धाने व उपासमारीने गांजलेला असताना २०२१ साली ब्रिटनने त्यासाठी जाहीर केलेली रक्कम आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आणली. १९६१ पासून चालत आलेली अमेरिकेची साहाय्यसंस्था तर जुलै २०२५ मध्ये बंदच करण्यात आली. मोठमोठे हिशेब राजधान्यांत होतात, आणि औषधाची पेटी कोठल्या तरी दूरच्या दवाखान्यात रिकामी राहते. ज्या आईने त्या पेटीच्या भरवशावर दहा कोस पायपीट केली, तिला अंदाजपत्रकाच्या चर्चेत मत नसते.

तिसरा विचार सर्वांत मूलगामी आहे. हे दान आहे की देणे? बडोदे संस्थानचे दिवाणपद भूषविलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. भारताची संपत्ती दरवर्षी ब्रिटनकडे कशी वाहत जाते, हे त्यांनी आकडेवारीने आयुष्यभर मांडले. १९०१ च्या त्यांच्या ग्रंथात ते विस्ताराने आले आहे. ज्याच्या घरून पिढ्यान्‌पिढ्या धान्य वाहून नेले, त्याला पसाभर परत करताना उपकाराची भाषा शोभत नाही. आम्ही हे द्वेषबुद्धीने म्हणत नाही. भारताने ब्रिटनचे आर्थिक साहाय्य २०१५ नंतर थांबावे हे २०१२ साली परस्परांच्या विचाराने ठरले, आणि दोन्ही देश आज बरोबरीच्या नात्याने व्यापार करतात. परंतु इतिहासाचे स्मरण दात्याला नम्र करते, म्हणून ते आवश्यक आहे.

येथवर आम्ही ब्रिटनचे मोजमाप केले. आता तीच मोजपट्टी स्वतःस लावणे भाग आहे. भारताने १९६४ पासून परदेशांतील विद्यार्थी व अधिकारी यांस आपल्याकडे बोलावून शिक्षण देण्याचा कार्यक्रम चालविला आहे. भूतानातील चुखा येथील जलविद्युत केंद्र भारताने साठ टक्के अनुदान व चाळीस टक्के कर्ज देऊन उभारले. भूतानची उरलेली वीज भारत विकत घेतो आणि त्या देशाला त्यातून मोठे उत्पन्न मिळते. अफगाणिस्तानातील हेरात प्रांतात भारताने बांधलेले सलमा धरण २०१६ साली पुरे झाले. या गोष्टींचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु भारत परदेशांना सवलतीने जे कर्ज देतो, त्यांतून सामान्यतः पाऊण हिस्सा माल व सेवा भारताकडूनच घ्यावी, अशी आपलीही अट असते. वेस्टलँडच्या हेलिकॉप्टरांविषयी ज्या जिभेने आपण तक्रार करतो, त्याच जिभेने या अटीचे समर्थन कसे करणार? परस्परांचे हित साधणे हे पाप नव्हे. चुखाच्या विजेत दोघांचाही लाभ आहे आणि तो उघड आहे. पाप आहे ते स्वहित झाकून त्यावर दानाचे वस्त्र पांघरण्यात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंते व्हाल, कोणी सनदी अधिकारी, कोणी व्यापारी. आणि सारेच मतदार व करदाते व्हाल. आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात किंवा हिमालयापलीकडच्या एखाद्या दरीत आपल्या देशाच्या पैशाने काय बांधावयाचे, हा प्रश्न कधीतरी तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा तीन गोष्टी स्वतःस विचारा. ज्याच्यासाठी हे काम करावयाचे त्याला आपण विचारले आहे काय? आपण निघून आल्यावर ते काम त्याला आपल्या बळावर चालविता येईल काय? आणि दिलेला शब्द अडचणीच्या दिवशीही आपण पाळणार आहोत काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते साहाय्य लहान असले तरी सात्त्विक होय. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर लँकेस्टरांप्रमाणे लेखणी उचला आणि नम्रपणे, पण स्पष्ट अक्षरांत, आपला विरोध नोंदवा.

देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली, असे आपण नेहमी पाहतो. ज्या दिवशी हे दोन हात एका पातळीवर येऊन एकमेकांत गुंफले जातील, त्या दिवशी साहाय्य हा शब्दच अनावश्यक ठरेल. तो दिवस जवळ आणणे हेच प्रत्येक राष्ट्राच्या दातृत्वाचे ध्येय असले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.